पुरात घातलेली नाव

भक्तहो, कमळजा नदीच्या काठी निंबखेडे नावाचे गाव आहे. श्री तृप्तिनाथ महाराजांचा मुक्काम त्या काळी तिथल्या घाटावरच्या मठीत असे. महाराज कुणाला अवघड अनुष्ठाने सांगत नसत. "सकाळी 'आज होईल' म्हणावं, सांजेला 'आज झालं' म्हणून हात जोडावेत. एवढं मनापासून करा, देव दूर नाही," असे ते म्हणत.

गावातली साळूबाई भोईण हे वचन जगत होती. तिचा नवरा नाव चालवी. एका पुरात तो भोवऱ्यात सापडून गेला, तेव्हा साळूने डोळे पुसले आणि वल्हे स्वतःच्या हाती घेतले. उतारू पलीकडे उतरले की ती ओंजळभर पाणी कपाळी लावी आणि म्हणे, "माये, पार घातलंस, उपकार झाले."

इनामदार भुजंगरावांना याचे मोठे हसू येई. एकदा भर नावेत ते म्हणाले, "साळू, जिनं तुझं कुंकू पुसलं, तिलाच हात जोडतेस? वेडी की काय तू?"

उतारूही हसले. साळूचे वल्हे थांबले नाही. "सरकार, तिनं नेलं ते एकदा. सुखरूप पोचवते ती रोज. रोजचं कसं विसरू?"

पुढे श्रावणात एके दिवशी कमळजा दुथडी फुगली. नेमकी त्याच दिवशी भुजंगरावांची लेक अंबिका बाळंतपणासाठी माहेरी यायला निघालेली. बैलगाडी पैलतीरी पोचली आणि तिथल्या ओसाड देवळातच तिला कळा सुरू झाल्या. सोबतचा गडी काठावर येऊन जीव तोडून ओरडू लागला, "सुईण धाडा! बाई अडल्यात!"

भुजंगराव अनवाणीच घाटावर धावले. धट्टेकट्टे भोई पाण्याकडे बघून मागे सरले. कुणी नजर वर करीना. साळूने मात्र पदर खोचला.

"कोंडाई, बस नावेत," ती सुईणीला म्हणाली.

"अगं, दोघीही वाहून जाऊ!"

"आज होईल. बस तू."

भर धारेत एक ओंडका येऊन आदळला आणि वल्हे मोडले. नाव गिरकी खाऊ लागली. ज्याने नवरा गिळला तो भोवरा पुढ्यातच घोंघावत होता. साळूने बसायची फळी उपसली, गुडघे टेकले आणि फळीनेच ती पाणी तोडू लागली. खांदे भरून आले, तरी हात थांबेना. "महाराज, रोज पार झालं! आजही होईल!" ती ओरडली.

आणि काय सांगावे! नावेला समोरून हिसका बसला. दोर बांधून कुणी ओढावी तशी नाव भोवऱ्याच्या कडेने सरळ निघाली. साळूने तरीही फळी खाली ठेवली नाही. काठ लागेपर्यंत ती वल्हवतच राहिली.

देवळात कोंडाईने अडलेले मूल हलक्या हाताने फिरवले. दिवस मावळायच्या आत मुलगी जन्मली. मायलेकी सुखरूप होत्या.

पूर ओसरल्यावर साळूनेच सर्वांना अलीकडे आणले. भुजंगराव त्यांना घेऊन थेट मठीत गेले, मागोमाग सारे गाव. तिथे महाराजांच्या दोन्ही तळहातांची सालटी निघालेली, आणि शिष्य त्यांवर हळद लावत होता.

"त्या दिवशी भजनात बसले असता महाराजांनी एकाएकी मुठी आवळल्या," शिष्य सांगू लागला. "अंगावरून पाणी निथळत होतं. मुठी सोडल्या तेव्हा हातांवर हे दोराचे वळ!"

साळूला नावेचा हिसका आठवला. "महाराज, ओढणारे तुम्हीच होतात!" म्हणत तिने पायांना मिठी मारली.

भुजंगरावांचा सारा ताठा गळून पडला. तेही पायांवर वाकले, पण महाराजांनी त्यांना मधेच धरले. महाराज म्हणाले, "रावजी, आम्ही जागेवर बसून ओढलं. एवढ्या पाण्यात नाव घातली ती हिनं. आधी तिकडे वळा."

भुजंगराव वळले. साऱ्या गावादेखत इनामदारांनी त्या भोईणीच्या पायांशी मस्तक टेकवले. "बाई, चुकलो मी. इतकं सगळं मिळालं, पण हात जोडायला कधी शिकलोच नाही."

साळू संकोचून मागे सरली. "उठा सरकार," ती म्हणाली, "आधी नातीला जवळ घ्या."

नात ओंजळीत आली आणि भुजंगरावांना रडू आवरेना.