झाकणाचा रुसवा

डबे बोलायचे तेव्हाची गोष्ट. शेजारच्या कुमुदने ऑफिसला न्यायला भाकरी नि गवारीची भाजी भरली, तसं झाकण रुसलं.

"सगळं तुझ्या पोटात, मी कायम रिकामं! आज पिशवीत उघडणारच."

डबा कळवळला. "अरे बाबा, भाजी सांडली तर कुमुद उपाशी राहील. जेवणापर्यंत तरी बस घट्ट."

कुरकुरत ते बसलं.

दुपारी कुमुदने झाकण उलटं केलं, त्यात थोडी गवार वाढली आणि टेबलावर पुढे सरकवलं. "घ्या हो, साधीच आहे."

झाकण हातोहात फिरून आलं, ते कारळ्याची चटणी, काकडीची कोशिंबीर आणि चतकोर पुरणपोळी घेऊन.

"काय रे रिकाम्या," डबा हसला, "तीन घरचं जेवण आलं की तुझ्याकडे!"

संध्याकाळी डबा घासायला घेतला, तर झाकण इतकं घट्ट बसलेलं, की उघडायला कुमुदने मला हाक मारली. मी दारातच होते म्हणा.