उदंडाची शिळा

आमच्या अन्नछत्राच्या दारात ही काळी शिळा आहे, तिच्यावर कोणी बसत नाही. तुम्ही शहरातून दोन दिवस सेवेला आलात, टोप्या-हातमोजे घालून तयार आहात, छान आहे. पण पळी हातात घेण्याआधी प्रत्येक सेवेकऱ्याला या शिळेपाशी उभं राहून मोठ्यानं ‘नाही’ म्हणावं लागतं. हसू नका. हे का, ते ऐका.

पूर्वी तांबडवाडीला बयाजीराव नावाचे वतनदार होते. त्यांची मुलं जगत नसत. शेवटची मुलगी गोजरा जन्मली तीही निळी पडलेली. तेव्हा त्यांनी देवीला नवस बोलला, असं सांगतात, की बारा वर्षं दारात अन्नछत्र चालवीन आणि तिथं कोणाच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द निघू देणार नाही. पोरीला तेवढं राख. गोजरा जगली. गावातल्या घरांनी पाळीपाळीनं वाढायला यायचं, असा रिवाज पडला.

आता ‘नाही’ म्हणायचं नाही, तर पातेलं रिकामं झाल्यावर म्हणायचं काय? तुमच्याही घरात मीठ संपलं तर कोणी जुनं माणूस ‘संपलं’ म्हणत नसेल, ‘उदंड झालं’ म्हणत असेल. तसंच इथं. ‘उदंड आहे’ म्हटलं की आसपासचा माणूस समजायचा आणि नदीपलीकडच्या मठाची वाट धरायचा.

बारावं वर्ष दुष्काळाचं निघालं. व्रताचं उद्यापन एका दिवसावर आलं असताना भर दुपारी घाटाखालच्या रानातून बुधी नावाची बाई आली. कडेवर तिची लेक सोमी होती, मान टाकलेली. पातेलं नुकतंच खरवडून झालं होतं.

“पोरीला काय हाय का?” तिनं विचारलं.

“उदंड आहे,” सेवेकरी म्हणाला.

“मंग बसते,” म्हणाली, आणि या शिळेवर बसली.

ज्या घरात मिठाचा खडाही कधी साठला नाही, तिथं ‘उदंड’चा हा उलटा अर्थ कोण शिकवणार? गरिबाच्या घरात ‘नाही’ला नाहीच म्हणतात. हे सोवळे शब्द भरलेल्या कोठारांचे आहेत, मला त्यांची चीड येते.

तिनं तीनदा विचारलं म्हणे, आणि तीनदा तेच उत्तर मिळालं. मठात अजून आंबील मिळत होती, उठली असती तर उन्हं कलायच्या आत पोचली असती. बारा वर्षांची गोजरा वाढायला उभी होती. तिला कळलं. “आबा, तिला सांगू का?” एवढं म्हणाली, तर बयाजीरावांनी तिच्या तोंडावर हात दाबला. मठाकडे बोट दाखवायचीही कोणाची छाती झाली नाही. तेही ‘नाही’च झालं असतं. आणि खोटं तरी कुठं होतं? आत परातींत उद्यापनाचे लाडू रचलेले होते. नैवेद्य व्हायचा होता, म्हणून कोणी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नैवेद्य झाला. पहिलं पान बयाजीरावांनी स्वतःच्या हातानं शिळेपाशी आणलं. बुधीनं पान सरकवलं आणि म्हणाली, “हिला आदी वाढा. तिचा लंबर कालपास्नं हाय.”

मांडीवरची पोर केव्हाच गार झाली होती.

बुधी न जेवता घाट उतरून गेली, ती पुन्हा दिसली नाही. व्रत मात्र फळलं. देवीनं वचन पाळलं, गोजरा नव्वद वर्षं जगली. हे सांगताना मला दर वेळी देवीचा राग येतो. बाप गेल्यावर गोजराबाईंनी या शिळेपाशी उभं राहून ‘नाही’ म्हटलं, आणि छत्राचा नियम बदलला.

आजही इथं अन्न संपलं की सेवेकरी फाटकापर्यंत जातो आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत बघून ‘नाही’ म्हणतो. फरक इतकाच, की पलीकडचा मठ बंद होऊन चाळीस वर्षं झाली. आजचं पातेलं ऐंशी पानांचं आहे आणि रांग पार वळणापर्यंत गेलीय. शेवटी ती बाई उभी आहे बघा, कडेवर पोर घेतलेली.

तर आज तिला सांगायला तुमच्यापैकी कोण जाणार?