वेळाकोंडची टोचणीआई

फार वर्षांपूर्वी, खाडीकाठच्या वेळाकोंड गावात दर चैत्राला गोवर यायचा. दारोदारी कडुलिंबाचे डहाळे लागायचे, घरात फोडणी बंद व्हायची, आणि तरीही पाळणे रिकामे व्हायचे. मग पलीकडच्या दवाखान्यातून मथुराबाई नर्स यायला लागली. असं म्हणतात, होडी नसली की ती पाण्यावरून चालत यायची, आणि तिच्या पेटीतला बर्फ भर उन्हातही वितळत नसे. माडावर चढून बसलेल्या पोरांना खाली उतरवून ती लस टोचायची. तिच्या हयातीतच गोवर गावातून गेला.

ती वारली तेव्हा गाव ढसाढसा रडलं. तिची समाधी बांधली, तिला टोचणीआई म्हणू लागले, जत्रा भरवली. चांदीची सुई घडवली आणि ती बाळाच्या दंडाला नुसती टेकवायची चाल पडली. आईच राखते म्हटल्यावर लशीसाठी होडीत कोण बसणार? काय म्हणावं या माणसांना! त्यांची माया खोटी नव्हती, याचंच वाईट वाटतं.

पुढे एका लग्नाला परगावचं पोर आलं, अंगात ताप, अंगभर लाल पुरळ. गोवर ओळखणारं म्हातारं माणूस गावात उरलंच नव्हतं. उष्णता असेल म्हणत बायकांनी त्याला मांडीवर घेतलं, आणि बघता बघता घरोघरी पोरं तापाने फणफणली. सुगंधा नावाच्या बाईने आपली एकुलती लेक उचलून समाधीवर नेली.

"आये, तुजी सुई लावलीय हिला. हिला राख गो."

असं म्हणतात, दगडाला घाम फुटला आणि आतून आवाज आला, "सुगंधे, मी टोचत होते गं. तुम्ही नुसती टेकवलीत."

लेक तिच्या मांडीवरच गेली. त्या चैत्रात गावातली आणखी कितीतरी पोरं गेली.

दगड बोलला, यावर गावाचा लगेच विश्वास बसला. पुढच्या जत्रेत सुगंधाला समाधीशेजारी बसवलं आणि आया तिच्या ओटीत बाळं घालू लागल्या. ती प्रत्येकीला सांगायची, पलीकडे ने, टोचून आण. आया तो आशीर्वाद समजायच्या, तिच्या पाया पडायच्या आणि घरी जायच्या. सांगून सांगून तिचा आवाज गेला, मग तीही गेली.

आता तिथे दोन दगड आहेत. जत्रेला बायका दोन्ही दगडांपुढे बाळं ठेवतात. दवाखान्याकडे जाणारी होडी त्या दिवशी बंद असते, कारण होडीवालाही आपलं बाळ घेऊन रांगेत उभा असतो.