आतून फुटलेली काच

"आणि पलीकडचं काहीच दिसणार नाही, अशी मिळेल का?"

मेट्रनबाईंचा हा तिसरा प्रश्न. न फुटणारी काच मिळेल का, हा पहिला. दाखवाल तीच बसवाल याची खात्री काय, हा दुसरा.

उस्ताद बाबालाल बशीतला चहा फुंकत होते. कराडच्या बाजारात त्यांचं काचेचं दुकान, आणि त्याला भिंत लागून माझं कुलपांचं. त्यामुळे बाजारातल्या निम्म्या गोष्टी मला न विचारता ऐकू येतात.

त्यांनी बशी खाली ठेवली.

"मिळेल. आधी फुटलेली बघू."

बाईंना ते उत्तर पटलं नाही. त्यांनी पिशवीतून कागद काढला. काचेची जाडी, लांबी, रुंदी, सगळं लिहून आणलं होतं. पोरांच्या चेंडूनं फुटली, असंही सांगितलं. बघायचं काय त्यात?

उस्ताद उठले. दोन काचा काढल्या, एक दाणेदार, पलीकडचं धुरकट दाखवणारी, आणि एक साधी. मग माझ्याकडे बघितलं. हल्ली त्यांचा हात थरथरतो, दुसरी बाजू धरायला मी लागतो. दुकानाला कुलूप घालून निघालो. उस्तादांना नाही कसं म्हणणार!

उस्ताद धंद्यात खोटं बोलत नाहीत, हे सगळा बाजार सांगेल. गेल्या वर्षी त्यांनी माझ्या दुकानाची काच बसवली. पुट्टी एका रात्रीत धरते, उद्या खुशाल खिडकी आपटा, म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी आपटून बघितली. हलली नाही.

बाईंचं नाव लीलावती शिरसट. जन्म सगळा सरकारी दवाखान्यांत गेला. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर वारलेल्या भावाच्या घरात, कासार गल्लीत राहायला आल्या, त्याला सहा वर्षं झाली.

आल्या त्याच आठवड्यात एका नळवाल्यानं जुना नळ नवा म्हणून बसवला. गल्लीला ते माहीत होतं. बाईंना कुणी सांगितलं नाही. मागाहून कळलं तेव्हा बाईंनी गल्लीकडची खिडकी लावली, ती लावलीच. जाणंयेणं मागच्या दारानं.

हे मला कसं ठाऊक? सहा वर्षांत माझ्याकडून चार कुलपं नेलीत त्यांनी. दर वेळी हीच हकिगत सांगितली. मी मान डोलावली आणि कुलूप विकलं.

घर दवाखान्यासारखं स्वच्छ होतं. एक कॉट, एक खुर्ची, एक स्टूल. खिडकीला आतून लोखंडी गज, बाहेर उघडणारी झडपं. एका झडपाची वरची काच फुटलेली, तिथे कॅलेंडराचा पुठ्ठा चिकटवलेला. खालची काच शाबूत होती, पण आंधळी झाली होती.

ती पण बदला, बाई म्हणाल्या. रोज पुसते, सहा वर्षं पुसते. काचच हलकी निघाली.

उस्तादांनी टेप काढली नाही. कणकेचा गोळा मागितला.

ही त्यांची जुनी रीत. काचेच्या बारीक कपच्या झाडूला सापडत नाहीत, ओल्या कणकेला चिकटतात. त्या वेचल्याशिवाय ते कामाला हात लावत नाहीत.

बाईंनी कणीक आणली. एका माणसाच्या दोन पोळ्यांची होती. उस्तादांनी ती हातात घेतली आणि क्षणभर बघत राहिले... मग गुडघ्यावर बसून खिडकीखालची सगळी फरशी टिपून काढली.

गोळा वर धरला. एक कपची नव्हती.

गोळा माझ्याकडे दिला, बाहेर बोट केलं. मी वळसा घालून गल्लीत गेलो. खिडकीखाली कट्टा आहे. कुणीतरी झाडलेला होता, पण फटीफटीत टिपलं तर गोळा चमकायला लागला. तो आणून उस्तादांच्या हातात ठेवला.

"बाई," ते म्हणाले, "ही काच आतून फुटलीय."

...

बाई कॉटवर बसल्या. कागद हातातच होता. बराच वेळ त्याची घडी घालत राहिल्या.

मग सांगितलं. गेल्या महिन्यात सकाळी इथेच, या फरशीवर पाय घसरला. उठता येईना. बाहेर कट्ट्यावर बायका भाजी निवडत होत्या. आंधळ्या काचेतून त्यांच्या सावल्या हलताना दिसत होत्या, बोलणंही ऐकू येत होतं. स्टुलावरचं फुलपात्र हाताला लागलं, ते गजांमधून काचेवर फेकलं. काच फुटली, फुलपात्र बाहेर गेलं.

आणि बाहेरचं बोलणं थांबलं. सावल्या गेल्या.

दुपार झाली तेव्हा त्या स्वतःच कॉटला धरून उठल्या.

मला राहवलं नाही. हाक का नाही मारलीत, मी विचारलं.

"कुणाचं नाव घेऊन मारू?" बाई म्हणाल्या. "सहा वर्षांत एकीचं नाव मला ठाऊक नाही."

चार कुलपं विकली होती मी या बाईला.

बाई आता उस्तादांकडे बघत होत्या. आवाज मेट्रनचाच होता, पण डोळे भरले होते. गल्लीनं ऐकलं आणि कुणी आलं नाही, त्या म्हणाल्या. मला त्यांच्या सावल्यासुद्धा नकोत. म्हणून तसली काच पाहिजे.

उस्तादांनी मान हलवली. हो म्हणाले की नाही, कळलं नाही. फडकं भिजवून पिळलं, गजांतून हात घालून खालची आंधळी काच पुसली. काही फरक पडला नाही.

"डाग बाहेरून आहे," ते म्हणाले. "बोअरच्या पाण्याचे शिंतोडे. काच चांगली आहे, बदलायची नाही."

खिशातून व्हिनेगरची बाटली काढली. फडकं आणि बाटली बाईंपुढे धरली.

बाई हलल्या नाहीत. मी पुढे होऊन फडकं घ्यायला गेलो, उस्तादांनी माझं मनगट धरलं. थरथरणारा हात, पण पकड चांगली होती.

"तिथं त्या बायका बसतात," बाई म्हणाल्या.

उस्ताद फडकं धरून उभे होते...

शेवटी बाई उठल्या. पुढच्या दाराची कडी गंजली होती, ती मी ठोकून काढली. माझंच कुलूप होतं वर.

आम्ही आतून बघत होतो. काचेत आधी एक सावली आली. ओल्या फडक्याचा गोल फिरला, तेवढ्या जागेतून बाईंचा हात दिसायला लागला. उस्ताद आतून काचेवर बोट ठेवायचे, बाई बाहेरून नेमकं तिथे पुसायच्या. दोघं दोन बाजूंनी. वरच्या कोपऱ्याला बाईंचा हात पुरेना.

तेव्हा दुसरी सावली आली. हिनं पाट आणला होता.

मग काच इतकी निवळली की दिसली. शेजारची शालन, पदराला हात पुसत उभी. वरचं भगदाड पुठ्ठ्यानं झाकलेलं, तरी शब्द न् शब्द ऐकू आला.

"मेट्रनबाई, फुलपात्र माझ्याकडंय. घासून ठेवलंय. त्या दिवशी आमच्या बोलण्याचा तुम्हाला त्रास झाला, म्हणून रागानं फेकलंत असं वाटलं. आम्ही भाजी उचलून घरात गेलो. द्यायला यायचं धाडस झालं नाही."

बाई पाटावर उभ्या होत्या. हातातलं फडकं ठिबकत होतं.

"मी पडले होते," त्या म्हणाल्या.

शालनचा हात तोंडावर गेला...

उस्तादांनी तोंड फिरवलं आणि कामाला लागले. फ्रेमला राहिलेल्या काचेच्या दातांवर ओला कागद धरून ते एकेक काढले, वर्तमानपत्रात गुंडाळले, वर खडूनं मोठ्या अक्षरात 'काच' लिहिलं. कचरा उचलणारीचे हात कापायला नकोत. माझ्या घरी मी हे कधी केलं नव्हतं. आता करतो.

बाई आत आल्या तेव्हा हातात फुलपात्र होतं. त्यांनी ते स्टुलावर ठेवलं, परत उचललं, परत ठेवलं.

उस्तादांनी दोन्ही काचा त्यांच्यापुढे धरल्या. एका हातात दाणेदार, एका हातात साधी. दोन्ही थरथरत होत्या.

बाईंनी साधीला हात लावला.

"ही फुटेल," मीच म्हणालो. दुकानात त्यांनी आधी न फुटणारी मागितली होती, म्हणून आठवण केली.

"फुटू दे," बाई म्हणाल्या.

उस्तादांनी माप घेतलं, हिऱ्याची कणी फिरवली, काच रेघेवर मोडली. झडप सहा वर्षांनी उघडली, ती मी बाहेरून धरून उभा राहिलो. कट्ट्यावर शालन मेथी निवडत बसली होती, पण लक्ष सगळं आत. खडू आणि जवसाच्या तेलाची पुट्टी उस्तादांनी अंगठ्यानं चारही कडांना दाबली. खालची काच तशीच ठेवली, तिचं काही घेतलं नाही.

सामान आवरलं. उन्हं कलली होती. बाई खिडकीपाशी गेल्या आणि सवयीनं त्यांचा हात कडीवर गेला. तिथेच थांबला.

"उस्ताद," त्यांनी विचारलं, "लावू का आता?"

उस्तादांनी बोटांना लागलेली पुट्टी पुसली. माझ्याकडे मुळीच बघितलं नाही.

"ओली आहे बाई. महिनाभर लावू नका."