गिरकीचा कायदा

सात टेकड्या ओलांडल्या की जिथे नकाशे काढणाऱ्यांची शाई संपली होती, तिथे सागदरा नावाचं जंगल होतं. जंगलात लोकशाही होती आणि वाघही होता. दोघांचं एकमेकांशी बरं चाललं होतं. प्राणी ठरलेल्या दिवशी मतदान करत, वाघराजे निकाल शांतपणे ऐकून घेत आणि मग जेवायला जात. जेवणात कोण होतं, हे निकालपत्रात छापत नसत.

सागदरा आणि पलीकडचा बोरदरा यांच्या सीमेवर एक डोह होता. उन्हाळ्यात सगळे ओढे आटायचे, हा तेवढा काठोकाठ. पूर्वी त्यावरून लढाया होत. पण लढाईत मतदार कमी होतात, हे दोन्हीकडच्या राजांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी ठरवलं की दर चैत्रात फुटबॉलची एक मॅच खेळायची. जिंकेल त्याचा डोह, पाऊस पडेपर्यंत.

बाकीच्यांना डोह म्हणजे पाणी. वेल्हाळला मात्र ते घर होतं. वेल्हाळ हे पाणमांजर. काठाच्या कपारीत तिचा संसार, पदरात तीन पिल्लं. मॅच हरली तर इतरांनी थोडं लांब जाऊन पाणी प्यायचं. हिने मात्र पिल्लं तोंडात धरून, उन्हातून, कुठे जायचं? तेव्हा वेल्हाळ खेळायची ती जीव तोडून. पण पाहणाऱ्याला तसं वाटायचं नाही. पाहणाऱ्याला वाटायचं, ही मजा करतेय. तेही खोटं नव्हतं.

तिची एक गिरकी होती. सुगरणींनी विणलेला गवताचा चेंडू पायाशी आला की ती त्याच्या खालून वळायची, चेंडू पाठीवरून शेपटीपर्यंत घरंगळायचा, आणि समोरचा जिकडे धावला असेल त्याच्या बरोब्बर उलट बाजूला निघून जायचा. कधी येईल ही गिरकी, हे बोरदऱ्याला ठाऊक नसे. वेल्हाळलाही नसे.

त्या काळी संघाचे मॅनेजर होते ढालूबुवा, म्हणजे म्हातारं कासव. उभा जन्म त्यांनी वडाखालच्या कीर्तनात मृदंगाची साथ करण्यात घालवला होता. कीर्तनकार आख्यान सांगता सांगता रंगात येतो, मूळ कथा सोडून कुठल्या कुठे निघून जातो. साथीदाराने तेव्हा ठेका सोडायचा नाही. आणि तो फिरून धृपदावर आला की, हा कुठे गेलाच नव्हता, असं श्रोत्यांना वाटायला लावायचं. एवढीच बुवांची विद्या. फुटबॉलला त्यांनी तीच लावली. वेल्हाळ मैदानभर कुठेही भटको, बुवा बाकीच्या दहांना एवढंच सांगत, "ती गेलीय ना, मग तिची जागा कुणीतरी धरा रे बाबांनो. ती येईल. देव येतो, ही का नाही येणार?"

ती यायची. तीन चैत्र सागदरा जिंकला.

चौथ्या वर्षी सभागृहात प्रश्न निघाला. क्रीडामंत्री होते कोल्हासाहेब. त्यांनी चष्मा पुसून विचारलं, "ढालूबुवा, मॅनेजर या नात्याने आपण नेमकं काय करता?"

"ऐकतो," बुवा म्हणाले.

"आणि?"

"आणि मग ऐकू येतं."

"त्याचा काही अहवाल?"

बुवांनी मान आत घेतली. अहवाल नव्हता. जो मॅनेजर ओरडत नाही, लिहीत नाही आणि मैदानाच्या कडेने येरझाऱ्या घालत नाही, त्याला मॅनेजर कसं म्हणायचं, यावर सत्ताधारी आणि विरोधक यांचं प्रथमच एकमत झालं. मॅनेजरचं पद निवडणुकीने भरायचं ठरलं. ज्यांनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता, त्या सर्वांना मताचा अधिकार होता.

पहिल्या निवडणुकीत खांडेराव गवा निवडून आले. त्यांची घोषणा होती, 'जागा सोडू नका, जंगल मोडू नका.' त्यांनी मैदानावर फक्कीने अकरा चौकटी आखल्या आणि एकेका चौकटीत एकेक खेळाडू उभा केला. वेल्हाळला डाव्या कोपऱ्यातली मिळाली. तीन ढांगा लांब, दोन ढांगा रुंद.

"साहेब, चेंडू चौकटीबाहेर गेला तर?" भेकराने विचारलं. हा टापरे, उजव्या बाजूला पळायचा.

"तर तो तुझा प्रश्न नाही," खांडेराव म्हणाले. "ज्याच्या चौकटीत गेला, त्याचा प्रश्न. जबाबदारी म्हणतात याला."

"आणि दोन चौकटींच्या मधे थांबला तर?"

खांडेरावांनी पुन्हा फक्की मागवली. मग त्याची चौकट अर्धी केली.

वर्षभरात सरावाच्या चौदा मॅचेस झाल्या, चौदाही शून्य-शून्य. प्रेक्षक अंथरूण घेऊन येऊ लागले. खांडेरावांनी सभेत सांगितलं, "मित्रहो, माझ्या कारकिर्दीत आपण एकदाही हरलो नाही." टाळ्या पडल्या. जे झोपले होते त्यांच्या टाळ्या गृहीत धरल्या. चैत्रातली मोठी मॅचही तशीच सुटली, म्हणून डोह अर्धा-अर्धा वाटला. वेल्हाळची कपार सुदैवाने अलीकडच्या अर्ध्यात आली. पिल्लांना मात्र बजावावं लागलं की पोहताना मधोमध पोचलात की वळायचं.

एके दुपारी धाकटं पिल्लू गोटा घेऊन आलं. पाणमांजरं गोटे उडवतात, हातांवर, छातीवर, नाकावर. त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. ते म्हणालं, "आई, उडव ना."

वेल्हाळने गोटा हातात घेतला, वर-खाली पाहिलं आणि विचारलं, "कुठल्या चौकटीत?"

पिल्लाला वाटलं आई गंमत करतेय. ते हसलं. वेल्हाळ नाही हसली. तिने गोटा काठावर ठेवला, अगदी सरळ रेषेत.

झोपून झोपून कंटाळलेल्या मतदारांनी पुढच्या खेपेला खांडेरावांना पाडलं आणि मोर आला. मोराचं नाव नीलकंठराव, पण सगळे 'दादा' म्हणत, कारण तसं त्यांनी सांगून ठेवलं होतं. दादांचा प्रचारच वेगळा. ते व्यासपीठावर आले, पिसारा उघडला आणि म्हणाले, "या जंगलात गिरकी कोणी दाबली?"

"गव्याने," गर्दी म्हणाली.

"आता गिरकी कोणाची?"

"सगळ्यांची."

"पाय तिथे गिरकी!"

वेल्हाळच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने मत दिलं, शेजाऱ्यांचीही वळवली. टापरे मात्र कान खाजवत म्हणाला, "ताई, मला गिरकी नको गं. मला पळता येतं तेवढं पळू देतील का, विचार ना."

"गप रे टापऱ्या. चांगले दिवस आलेत."

आले खरे. पहिल्याच बैठकीत दादांनी गिरकीचा कायदा आणला. गिरकी हा प्रत्येकाचा हक्क झाला. दुसऱ्या बैठकीत तो कर्तव्य झाला. प्रमाण गिरकी कोणती, हे ठरवायला समिती नेमली. तीत गोगलगाय, गांडूळ आणि दोन मासे होते, म्हणजे निःपक्षपातीपणाबद्दल शंका नको. समितीने गिरकीच्या सात पायऱ्या ठरवल्या. दर शंभर आकडे मोजून झाले की दादा शिट्टी वाजवणार आणि अकराही जणांनी एकदम गिरकी घ्यायची. चेंडू असो वा नसो.

खेळाडूंची परीक्षा झाली. परीक्षक घुबड. परीक्षा भर दुपारी, त्यामुळे त्यांनी ती डोळे मिटून घेतली. पहिला नंबर गोलकीपर काटेमामांचा आला. काटेमामा म्हणजे साळिंदर. तपासायला जवळ जायची कुणाची छाती झाली नाही. वेल्हाळ नापास.

"शेपूट दोन बोटं डावीकडे जाते," घुबड म्हणाले.

"पण साहेब, गिरकी माझीच आहे."

"म्हणूनच तुम्ही जास्त काळजी घ्यायला हवी होती, बाई. लोक तुमच्याकडे पाहून शिकतात."

तिला राखीव खेळाडूंत टाकणार होते, पण जंगलभर लावलेल्या फलकांवर चित्र तिचं होतं. फलक पुन्हा रंगवायला वेळ नव्हता. म्हणून ठेवली.

खांडेराव नको म्हणत तेव्हा गिरकी आत कुठेतरी निदान हुळहुळत असायची. आता शिट्टी वाजली की वेल्हाळ एक-दोन-तीन मोजत फिरायची आणि फिरून झाल्यावर आत पाहायची, तर तिथे काहीच नसे. घराला कुलूप असलं तर माणूस बाहेर ताटकळतो तरी. इथे दार सताड उघडं आणि घरात सामान नाही.

चैत्र आला. या वर्षी बोरदऱ्याने आधीच कळवलं होतं की अर्ध्या-मुर्ध्या डोहाचं झेंगट नको. बरोबरी झाली तर निकाल लागेपर्यंत खेळायचं. मैदानाभोवती दोन्ही जंगलं लोटली. वाघराजे मंडपात. पंच बगळा एका पायावर.

पहिल्या अर्ध्यात दादांनी दहा शिट्ट्या वाजवल्या. दहा वेळा सागदऱ्याचे अकरा खेळाडू जागच्या जागी गरगरले, आणि त्यांपैकी दोन वेळा बोरदऱ्याने चालत जाऊन गोल केला. तिसराही झाला असता, पण गरगरताना काटेमामा तोल जाऊन पडले ते नेमके चेंडूवर. चेंडू काट्यांत रुतला. सोडवायला चौघे लागले.

मध्यंतरात दादा प्रसन्न होते. "एकशे दहा गिरक्या," ते म्हणाले. "बोरदऱ्याची एकही नाही. नैतिक विजय आपला आहे."

"दादा, गोल?" टापरेने विचारलं. त्याला अजून दोन दादा दिसत होते.

"गोल हा संकुचित दृष्टिकोन आहे."

वेल्हाळची नजर डोहाकडे होती. समोर, डोहाच्या पलीकडच्या काठावर, बोरदऱ्याची रानडुकरं आत्ताच कपारी मोजत होती. तिची पिल्लं त्यांच्याकडे पाहून हात हलवत होती. त्यांना वाटलं, पाहुणे आलेत.

ती सरळ गोलखांबामागे गेली. तिथे गवतात ढालूबुवा बसले होते. तिकीट काढून आले होते.

"बुवा, काय करू सांगा."

"मला विचारतेस?" बुवा म्हणाले. "अगं, मी कुठे काय सांगत होतो? मी तुझ्याच मागे यायचो. वेल्हाळबाई निघाली की वाटायचं, चला, आज कुठे नेतेय पाहू."

"ते आता येत नाही बुवा. मी मोजते."

"मोज की. मीही मोजायचो. सोळा मात्रा. कीर्तनकार थोडाच मोजतो? मोजणं साथीदारावर सोपवून तो देवाकडे बघतो." बुवांनी मान जरा पुढे काढली. "तू कुणाकडे बघतेस खेळताना?"

वेल्हाळने विचार केला. "दादांच्या शिट्टीकडे."

"ती चोचीत असते ना? मग तिथे काय बघायचंय."

दुसरा अर्धा सुरू झाला. दादांनी नव्वदपर्यंत मोजलं असेल-नसेल, तोच मंडपातून कोल्हासाहेबांनी खुणावलं की राजांची नजर इकडे वळली आहे. दादा तत्काळ मंडपाकडे वळले, मैदानाकडे पाठ करून पूर्ण पिसारा उघडला आणि मुजरा म्हणून एक लांबलचक केका दिली. केका द्यायला चोच उघडावी लागते. शिट्टी गवतात पडली.

शंभर झाले. शिट्टी वाजली नाही. सागदऱ्याचे दहा खेळाडू गिरकी घ्यायला एक पाय उचलून उभे राहिले. वेल्हाळने डोहाकडे पाहिलं. धाकटं पिल्लू आता डुकरांना कपार आतून दाखवत होतं.

तेवढ्यात चेंडू तिच्याकडे आला आणि ती वळली. शेपूट दोन बोटं डावीकडे गेली.

"पळ रे टापऱ्या," ती म्हणाली.

टापरे पळाला. वर्षभर साठवलेलं सगळं पळणं त्याने त्या एका पळण्यात काढलं आणि चेंडू, जाळी आणि बोरदऱ्याचा गोलकीपर तिघांना घेऊनच पलीकडे गेला. दुसरा गोल कसा झाला हे सांगता येत नाही, कारण पाहणारे सगळे उजवीकडे पाहत होते आणि चेंडू डावीकडे होता. मग कुणाला काय झालं कोण जाणे, सगळा संघच सुटला. वेल्हाळ पुढे, हे मागे; ती हरवली की हे जागा धरत, ती आली की हे वाट देत. प्रेक्षकांत माकडांनी ताल धरला. पंच बगळ्याने चुकून दुसरा पाय खाली टेकवला.

शेवटच्या घटकेला बरोबरी होती. काटेमामांनाही राहवलं नाही, गोल सोडून ते दुडुदुडु पुढे आले. वेल्हाळने पाहिलं, गिरकी घेतली, आणि चेंडू अलगद मामांच्या पाठीवर जाऊन रुतला.

"आता काय करू गं?" मामा घाबरले.

"चालत राहा मामा."

मामा चालत राहिले. बोरदऱ्याच्या अकरा जणांनी अदबीने वाट दिली. मामा चेंडूसकट जाळीत शिरले आणि तिथेच अडकले. नियमांत काट्यांविषयी एक अक्षर नव्हतं. बगळ्याने गोल दिला.

जंगल नाचलं. वाघराजेही हसले, जवळचे थोडे लांब सरकले. मग कोल्हासाहेबांनी भाषण केलं. विजयाचं श्रेय राजांच्या दूरदृष्टीला, दादांच्या गिरकी-धोरणाला, खांडेरावांनी पूर्वी लावलेल्या शिस्तीला आणि सुजाण मतदारांना. वेल्हाळला हार घातला. बोलायची तिची पाळी आली तेव्हा वेळ संपली होती.

"आणि या ऐतिहासिक विजयाची आठवण म्हणून," कोल्हासाहेब म्हणाले, "हा डोह आजपासून 'वेल्हाळ राष्ट्रीय विजयडोह' म्हणून जतन केला जाईल."

ती हार घालूनच घरी निघाली. डोहाभोवती बोराट्यांचं कुंपण घालून झालं होतं, दारावर रानरेडा. पिल्लं बाहेर उभी.

"पास?" रेडा म्हणाला.

"अरे, मी इथे राहते."

"स्मारकात राहता येत नाही, ताई."

"नाव वाच की वरचं. माझंच आहे."

रेड्याने वर पाहून नाव मनातल्या मनात वाचलं. "म्हणून तर," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "तुमच्या नावाला पाय लागलेला तुम्हाला तरी चालेल का?"

वेल्हाळ पिल्लं घेऊन सीमेपलीकडे गेली. तिथे हरलेला बोरदरा कोरड्या ओढ्यात खड्डा खणत बसला होता. रानडुकरांनी तिला ओळखलं, जरा सरकून जागा करून दिली. "ये बाई," त्यांतलं एक थोराड डुक्कर म्हणालं. "तुझ्यामुळेच खणावं लागलं म्हणा. पण काय खेळलीस." गुडघाभर गढूळ पाणी लागलं होतं. धाकट्याने त्यात हात घालून गोटा काढला, आणि वेल्हाळने तो नाकावर घेऊन उडवला. आईने काही विचारलं नाही याचं पिल्लाला नवल वाटलं.

पावसाआधी सागदऱ्यात पुन्हा निवडणूक लागली. खांडेरावांनी डोहाचं कुंपण सरळ रेषेत आणण्याचं वचन दिलं. दादांनी ते सात रंगांत रंगवण्याचं दिलं. कुंपण असावं की नसावं, हा प्रश्न मतपत्रिकेवर नव्हता. मतदान शांततेत पार पडलं.