काठाला दिलेले घडे

पूर्वी नंदिवन नगरात चंद्रकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व सोमा नदीकाठच्या कुंभारवाडीत जन्मले आणि पुढे वाडीचे प्रमुख झाले. वाडी लहान, पण तिचा ताठा मोठा. इथे प्रत्येक घडा टिचकी मारून पाहत, आणि खणखणीत वाजला तरच तो वेशीबाहेर जाई. या ताठ्याला नावे ठेवावीत असे मला वाटत नाही. घडे खरोखरच तसे होते.

वाडीचे पिण्याचे पाणी एकाच कुंडाचे. नदी आणि कुंड यांच्यामध्ये जमिनीचा एक पट्टा होता. त्याच्या वाळूतून नदीचे पाणी झिरपे आणि निवळून कुंडात येई. घड्यांची उत्तम माती मिळे तीही नेमकी त्याच पट्ट्याच्या पायथ्याला. "नदीची माती नदीच भरून देते," असे वाडवडील सांगत, आणि कुंभार निर्धास्त खणत.

एका वर्षी राजपुत्राच्या विवाहासाठी मंगलघट घडवण्याची आज्ञा आली. घट पसंत पडले तर वाडीला राजकुंभारांचा मान मिळणार होता. बोधिसत्त्वांची बहीण उत्पला चाकावर सर्वांत तरबेज. तिने निम्मे घट भाजूनही ठेवले.

तेव्हाच बोधिसत्त्वांच्या लक्षात आले की खणलेल्या जागी नदी आत वळते आहे. पट्टा जेमतेम बैलगाडीच्या रुंदीचा उरला होता. तो तुटला की कुंड गाळाने भरणार आणि वाडी तहानेने उठणार. त्यांनी खणणे थांबवले.

"दादा, हातातोंडाशी आलेला मान घालवतोस?" उत्पला चिडली. "नदी माती देतेच की!"

"माती देते गं, काठ देत नाही. घडे पुष्कळ घडवशील, पण त्यांत भरशील काय?"

उत्पला रागातच कुंडावर गेली. तिने ओंजळ भरली, तर पाणी गढूळ होते.

काठ सावरायला लोकांनी पायथ्याला खापरे ओतली, ती नदीने वाहून नेली. तेव्हा उत्पलेने आपला सर्वांत देखणा मंगलघट उचलला, दगडगोट्यांनी भरला आणि पायथ्याला पुरला. ते पाहून घराघरांतून घट आले. घटांच्या मागे कुंभारांनी वाळा आणि निर्गुंडी लावली. ती चांगली रुजली.

पावसाळ्यात पूर आला. सोमा घटांवर आदळली, वळली आणि आपल्या जुन्या वाटेने गेली. कुंड निवळशंख राहिले. त्या दिवशी बायका पाण्याला अशा मिरवत गेल्या, जणू लग्न त्यांच्याच घरी होते.

घट न्यायला आलेल्या राजसेवकाला उत्पलेने आता माळावरून आणत असलेल्या जाड मातीच्या घड्यातून पाणी दिले. त्याने सवयीने घड्याला टिचकी मारली.

"हा वाजत नाही!"

"भरला आहे," उत्पला म्हणाली. "भरला घडा वाजत नसतो."

राजकुंभारांचा मान दुसऱ्या गावाला गेला. वाडीत कोणी हळहळले नाही. उलट पहिला उत्तम घडा काठाला देण्याची रीत पडली, आणि सासरी गेलेल्या लेकी ताठ मानेने सांगू लागल्या, "आमच्या काठात माझ्या आजीचा घडा आहे."

ही कथा सांगून भगवान शास्ते म्हणाले, "तेव्हाचा राजसेवक तो आजचा उपासक मेघिल. उत्पला ती विहाराचे पाणी राखणारी भिक्खुणी विशुद्धा. वाडीचा प्रमुख मीच होतो. आपल्या हातचे उत्तम ते सर्वांच्या तहानेसाठी देणे, ही दानपारमिता होय."