डागाची भट्टी आणि मेघूची ओंजळ

एका राज्यात गोरे ते धनी आणि काळे ते दास, असा कायदा होता. कुणी केला? गोऱ्यांनीच, आणखी कोण करणार! दासाने मारलेला वाघ धन्याने मारला असे म्हणत. दासाचे मूल चालू लागले, की दरबारातल्या भट्टीवर सळई तापवून त्याच्या दंडाला डाग देत. ती भट्टी कित्येक पिढ्यांत विझली नव्हती.

एके दिवशी राजा पायांपासून दगड होऊ लागला. दगड गुडघ्यांवर चढला, तेव्हा सिंहासनावर एक निळा पक्षी येऊन बसला आणि बोलला, "आगीचे दार उघडा. नागाला वाट मागा. चंद्रतळ्याचे पाणी ओंजळीत आणा आणि शापाच्या मुळावर ओता. जो भरील, त्याच्याच हातून ते ओतले जाईल."

राजपुत्र हेमांगद पालखीतून निघाला. सेवेला मेघू दासी होती. तिची लेक सावळी नुकतीच पाऊल टाकू लागली होती. मेघू परतली, की सावळीला डाग द्यायचा होता.

आगीचे दार आले. राजपुत्र म्हणाला, "जा." मेघूने जळते दार हातांनी लोटले. पुढे नाग फणा काढून उभा. "वाट कुणासाठी मागतेस?"

"लेकीसाठी, नागराजा."

नागाने फणा मिटला. तळ्यात भरदिवसा चंद्र तरंगत होता. मेघूने पोळलेल्या हातांनी ओंजळ भरली आणि नवल असे, की वाटभर थेंबही सांडला नाही. राजपुत्र दाराबाहेर पालखीत घोरत होता.

दरबारात परतले, तेव्हा दगड राजाच्या गळ्याशी आला होता. हेमांगदाने पाणी घ्यायला आपली ओंजळ पुढे केली, पण पाणी त्याच्या बोटांना शिवेना.

"दासीचे हात ते माझेच हात!" तो ओरडला.

"मग पोळल्याचे फोड दाखव," पक्षी म्हणाला.

राजपुत्राचे तळवे लोण्यासारखे मऊ. दरबाराने माना खाली घातल्या.

"मेघू, माझ्या मस्तकावर ओत," राजा कसाबसा बोलला.

"महाराज, शापाचे मूळ तिथे नाही."

सावळीसाठी सळई लाल झाली होती. मेघूने वळून ओंजळ भट्टीवर रिती केली. भट्टी विझली. राज्यभर दासांच्या दंडांवरचे डाग पुसले गेले आणि राजाच्या अंगावरचा दगड टरफलासारखा गळून पडला. राजा सिंहासनावरून उतरला, मेघूपुढे हात जोडून म्हणाला, "आजपासून या राज्यात कुणी कुणाचा धनी नाही."

हेमांगदाने पालखी मागवली. भोई केव्हाच आपापल्या घरी गेले होते. मग तोही पायीच निघाला. पुढे आईचे बोट धरून सावळी, मागे अडखळत राजपुत्र. दोघेही नुकतेच चालायला शिकत होते.